आराम हाय का?

आमच्या भागात माणूस भेटला की आधी आराम विचारतात. कानडीत 'आराम इद्दीरी?', आमच्या मराठीत 'आराम हाय का?', आणि आळंदच्या बाजारातला कापडवाला चाचा कापड फाडता फाडता 'सब आराम?' म्हणतो. भाषा तीन, शब्द एक, आणि त्याचं उत्तरही एकच: 'आराम.' एवढं झालं की माणसं पुढच्या बोलण्याला लागतात. पायाला प्लॅस्टर असलेला माणूसही 'आराम' म्हणतो. माझे सासरे शेवटच्या आजारात नाकात नळी घेऊन खाटेवर पडलेले, तरी भेटायला आलेल्या व्याह्यांना हात हलवून 'आराम, आराम' म्हणाले. व्याही समाधानानं परत गेले आणि गावभर सांगत सुटले की आता काळजीचं कारण नाही. त्याच आठवड्यात त्यांना पुन्हा यावं लागलं, या वेळी अंत्यविधीला.

माझं माहेर उमरग्याकडचं, सीमेच्या पलीकडचं, महाराष्ट्रातलं. आमच्याकडे 'बरं हाय का?' विचारायचे, आणि त्याला 'कुठलं बरं, बाई' असं म्हणायची सोय होती. लग्न होऊन इकडे आले तेव्हा या 'आराम'ची मला गंमत वाटायची. दुखणं कमी झालं तरी आराम, विश्रांती घेतली तरी आराम, आणि नुसता रामराम घालायचा असला तरी आराम. एकाच डब्यात साखरही, मीठही आणि धुण्याचा सोडाही. आता त्या शब्दाचा मला राग येतो. का येतो ते सांगते.

आमचं घर शेतीचं, जोडीला तुरीचा थोडाफार व्यापार. पोरी लग्न होऊन गेल्या, पोरं शिकायला बाहेर. घरात राहतात आमचे हे, धाकटे दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आणि सासूबाई. घर स्लॅबचं आहे, फ्रिज आहे, गॅस आहे. पण गॅसची शेगडीसुद्धा आमच्याकडे जमिनीवर ठेवलेली, कारण सासूबाईंना उभ्यानं केलेला स्वयंपाक चालत नाही. 'उभ्यानं घोडी खाती आन् उभ्यानंच घोडी रांधती,' असं त्या म्हणतात. घोडी रांधते हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. सुगीत गड्यांच्या भाकरी असतात, त्या तर चुलीवरच. म्हणजे पीठ मळणं, थापणं, भाजणं, भांडी, धुणं, झाडणं, सगळं बसून नाही तर वाकून.

चुलीपाशी आम्ही दोघी जावा. एक थापायची, एक भाजायची. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, ठाणाकुशनूरकडची. तिचं बोलणं हळू, हात मात्र असा चपळ की माझी एक भाकरी होईपर्यंत तिच्या दोन टोपल्यात पडायच्या. माझी कंबर धाकट्या लेकीच्या वेळेपासून दुखत होती. दुपारी सगळे जेवून पांगले की जाऊ करडईचं तेल कोमट करून आणायची आणि विचारायची, 'अक्का, कुठं ठणकायलंय?' मी जागा दाखवायची, ती अंगठ्यानं दाबायची. अख्ख्या घरात ती एकटी मला 'आराम हाय का' असं कधी विचारत नव्हती. तिचा प्रश्न 'कुठं' असा असायचा, आणि त्याला खरं उत्तर द्यावंच लागायचं.

मग दुखणं पायात उतरलं. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, चालताना पायातली चप्पल मागे राहून जायची आणि मला पत्ताच नसायचा. तेव्हा मात्र हे मला गुलबर्ग्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, मोठ्या मशिनीत घालून फोटो काढले. कंबरेतला एक मणका खालच्यावरून पुढे सरकला होता. ते म्हणाले, ऑपरेशन करू, दोन मणके स्क्रू आणि दांड्यांनी एकत्र बांधू, मधे हाड भरू, मग ते दोन्ही जुळून एक होतील.

डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्यांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं होतं. थोडं कानडीत, थोडं हिंदीत, अडलं तिथं इंग्रजीत. पायाचं दुखणं जाण्याची आशा चांगली आहे, कंबरेचं मात्र सांगता येत नाही. काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. मला त्यातलं निम्मं कळलं, कारण माझी कानडी भाजीबाजारातली. उठताना ते माझ्याकडे बघून हसले आणि आपल्या साध्या कानडीत म्हणाले, 'अंजब्याडरी, आराम आगतद.' घाबरू नका, आराम पडेल. आजाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

घरी सासूबाईंनी विचारलं, 'काय म्हनले डाक्टर?'

आमचे हे म्हणाले, 'आराम पडतंय म्हनले.'

एवढं लांबलचक बोलणं ह्यांनी दोन शब्दांत बांधून आणलं. ठरलं मग.

ऑपरेशन चांगलं झालं. खोटं कशाला बोलू, पायाच्या मुंग्या गेल्या त्या गेल्या. चप्पल पायात राहायला लागली. पण टाक्यांची आग जसजशी ओसरली, तसतसं खालून जुनं दुखणं वर यायला लागलं, तळ्याचं पाणी आटल्यावर ओळखीचे दगड उघडे पडावेत तसं. तीच जागा, तोच ठणका. मी वाट पाहिली. म्हटलं, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, जाईल हळूहळू. मुंगी काही हललीच नाही.

दवाखान्यातून आल्यावर ह्यांनी आळंदहून हातांची एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि पडवीत दाराशेजारी मांडली. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. डॉक्टरांनी हे काही महिन्यांपुरतं सांगितलं होतं, आणि रोज चालायला, व्यायाम करायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी 'चाला' सांगितलं, घरानं 'बसा' ऐकलं. मी खुर्चीवरून उठले की तिन्ही दिशांनी आवाज यायचा. हे बाहेरून, 'कामून उठलीस?' दीर, 'वैनी, बसा, बसा.' सासूबाई आतून, 'बस गं बाई, रॉड निसटंल.' रॉड म्हणजे काय झाडूचा दांडा आहे का, की हिसका बसला की निघून यावा? पण माझं कोण ऐकतं.

एकदा न राहवून मी ह्यांना सांगितलं, 'अवो, मला आराम न्हाई.'

'मग कर की आराम,' हे म्हणाले. 'कोन नको म्हनालंय तुला?'

मी दुखणं सांगत होते, हे मला विश्रांती वाढत होते, जेवणात जास्तीची पोळी वाढावी तशी, अगदी प्रेमानं. त्यावर रागवायचं तरी कसं? मी पुन्हा म्हटलं, 'तसं न्हाई. दुखायलंय. पैल्यासारखंच दुखायलंय.' तर सासूबाई म्हणाल्या, 'बसून बसून वाटतंय तसं. मन रमत न्हाई मनून दुखतंय. गानगापूरला जाऊन ये एकदा.' म्हणजे बसवायचंही यांनी आणि बसल्यामुळे दुखतं म्हणायचंही यांनीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

खुर्चीचे आणखी निराळे भोग. आमच्याकडे सगळे भुईवर बसणारे. घरात पाहुणे आले की सासूबाई खाली सतरंजीवर आणि मी सून वर खुर्चीत. शेजारची म्हणायची, 'काय वैनी, सरपंच झालाव की!' मी हसायची. दुसऱ्या कुणाच्या पाया पडायला मला वाकता येत नव्हतं, पण नव्या नवऱ्या मुली मला वर बसलेली बघून माझ्याच पाया पडायच्या. एका लग्नात पंगत बसली, तेव्हा माझं ताट स्टुलावर मांडलं. वाढप्यानं रांगेतल्या सगळ्यांना वाढलं आणि मला विसरला, कारण त्याची नजर खाली होती. मी घरी आल्यावर केळं खाल्लं.

बसलं की कंबर आणखी ठणकायची, उठलं की घर ओरडायचं. खुर्चीतून मला दिसायचं ते एवढंच: फाटक, तुळस, शेजारच्यांची म्हैस, आणि आत वळून पाहिलं तर चूल आणि चुलीपुढे जावेची पाठ. स्क्रू मणक्यात मारलेत की मला खुर्चीला मारलंय, असं कधीकधी वाटायचं. मोठ्यानं रडावं तर घरात सगळे चांगले वागणारे. रडायला काही कारण तर हवं!

डॉक्टरांकडे परत दाखवायला गेलो, सोबतीला जाऊही होती. त्यांनी माझ्या कंबरेचा फोटो उजेडावर धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. हाड सुंदर जुळलं होतं. त्यांनी ह्यांना बोट लावून दाखवलं, बघा, इथं, एकसंध. मीही बघितलं. काळ्यात पांढरे स्क्रू, दाराच्या कडीसारखे नीट बसलेले. मग ते माझ्याकडे वळले.

'आराम इद्दीरी?'

'आराम री,' मी म्हणाले.

मी म्हणाले असं तरी कसं म्हणू? ते तोंडातून निघून गेलं. देवळाच्या पायरीशी चप्पल काढायला कुणी सांगावं लागत नाही, तसंच. डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. ह्यांनी निःश्वास टाकला. एवढं सगळं केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून मागे फिरायची माझी हिंमत झाली नाही. परतीच्या जीपमध्ये खड्डा आला की जाऊ माझ्या पाठीमागे घडी घातलेली शाल धरायची. एका खड्ड्याला मी ओठ चावला. तिनं ते पाहिलं आणि शाल आणखी आत सरकवली.

पुढच्या वेळी मी धीर करून म्हटलं, 'थोडं दुखतंय, साहेब.' पण डॉक्टरांनी काही विचारायच्या आत आमचे हे मधेच म्हणाले, 'पैल्यापेक्षा लई आराम हाय, साहेब.' संपलं.

या सगळ्यात घराचं काम गेलं कुठं? ते एकट्या जावेवर गेलं. आता थापायचीही तीच, भाजायचीही तीच. माझ्या वाट्याचं धुणं, माझ्या वाट्याची घागर, माझी भांडी. मला कोमट तेल लावायला मात्र तिला वेळ मिळेना, आणि मिळाला तरी सासूबाई म्हणायच्या, 'टाक्यावर तेल लावू नगं.' टाके कधीच भरले होते. मी खुर्चीतून बघायची. चुलीपासून उठताना जावेचा हात मागे जायचा, कंबरेवर. त्याच जागी. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं, मी माझीच पाठ बघतेय.

दीर चांगले आहेत, ते तिला घेऊन गेले, त्याच डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, मणका सरकलेला नाही, झिजलाय थोडा. गोळ्या घ्या, व्यायाम करा. फरक नाही पडला तर मग पुढचं बघू. गोळ्या संपल्या, व्यायाम झालाच नाही. भल्या पहाटे शेण काढणाऱ्या बाईला व्यायाम काय सांगायचा? फरक पडला नाही. मग एका दुपारी जेवण झाल्यावर बोलणं निघालं. आमचे हे म्हणाले, 'हातच्या काकनाला आरसा कशाला? ही बगा की.' आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'हिला आराम पडला का न्हाई? मग तिचंबी करून टाकू ऑपरेशन. येळवस झाली की जाऊ.'

मला धडकी भरली. त्या पोरीच्या कंबरेत खिळे जाणार होते ते माझ्या एका शब्दावर. ज्या शब्दाला आमच्याकडे काही अर्थच नसतो, त्या शब्दावर. आणि नवल म्हणजे जाऊ स्वतःच उत्सुक होती. तिनं माहेरी फोन करून सांगूनही टाकलं.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. थंडीतल्या त्या अवसेला अख्खं गाव रिकामं होऊन रानात जातं. कडब्याची खोपटासारखी कोप उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची दाट भज्जी, भाकरी, आंबील असं सगळं तिथंच कोपीत बसून खायचं. माझी खुर्चीसुद्धा ट्रॅक्टरला बांधून नेली. काळ्या रानात तिचा एक पाय रुतला आणि मी दिवसभर डावीकडे कलून बसले. कोपीचं तोंड बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणून सगळं घर आत, आणि मी बाहेर ज्वारीकडे तोंड करून. बांधावरून जाणारा प्रत्येकजण विचारायचा, 'काय काकू, आराम हाय का?' मी प्रत्येकाला 'आराम' वाटत होते, प्रसादासारखा.

जाऊ माझं ताट घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, 'बस जरा.' ती खाली ढेकळांवर बसली, एक हात कंबरेवर ठेवून. आतून ह्यांचा आणि दिरांचा हसण्याचा आवाज येत होता. मी आवाज बारीक केला.

'तुला सांगते, मला आराम पडला न्हाई. पायाचं गेलं, कमरंचं हाय तसंच हाय. रोज ठणकायलंय. तू कापून घिऊ नको, बाई.'

मला वाटलं, ती दचकेल. ती मातीतलं एक काडूक मोडत म्हणाली, 'ठावं हाय की, अक्का.'

'ठावं हाय?'

'मी रोज बगायले की तुमाला. उठताव तवा व्हट चावताव.'

'मग कामून जायलीस? जानूनबुजून कामून?'

तिनं काडूक टाकून दिलं. मग माझ्या खुर्चीच्या हातावर तिनं नुसतं बोट ठेवलं.

'दुखनं गेलं न्हाई तुमचं, पन आराम तर हाय की. बसताव. कुनी उट म्हनत न्हाई. ताट हातात येतंय. माजं दुखनं तर असंबी हाय आन् तसंबी हाय. पन टाके पडल्याबिगर ह्या घरात बाईला बसा म्हनून कोन म्हनतंय, अक्का? तुमीच सांगा.'

आतून हाक आली, भाकरी संपल्या होत्या. ती भुईला हात टेकून उठली, पदर सावरला आणि वाकून कोपीत गेली. ताटातली भज्जी गार होऊन तिच्यावर साय धरली तरी माझा हात तिकडे गेला नाही.

मला तिचा राग आला, हे लपवत नाही. ज्या खुर्चीत मी कोंडले होते ती तिला हवी होती! तिच्या जागी असते तर मीही हेच म्हणाले असते का, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. म्हणाले असते. दगडापेक्षा वीट मऊ. आणि ती वीट मऊ वाटत होती कारण माझ्या वाटणीचे दगड ती उचलत होती. ती कापून घेऊन माझ्याशेजारी दुसऱ्या खुर्चीत बसली असती तर भाकरी कुणी थापल्या असत्या, हा हिशेब घरात कुणीच केला नव्हता. कदाचित सासूबाईंनी केला असेल, कारण त्या दिवसांत त्या जरा गप्प होत्या.

येळवस झाली आणि आम्ही चौघं जीपमधून गुलबर्ग्याला निघालो. हे, दीर, जाऊ आणि मी. मला नेलं होतं नमुना म्हणून. वाटेत दीर तिला समजावत होते, 'भिऊ नको, वैनी हाय की संगट.' रस्ताभर मी मनाशी घोकत होते. मराठीत सांगितलं तर हे मधेच तोंड घालतील. म्हणून मी कानडीत घोकलं. चूक असेल तर असो, पण माझं माझ्या तोंडून जाऊ दे.

डॉक्टरांनी मला बघून ओळखीचं हसू दिलं. 'आराम इद्दीरी?'

माझ्या तोंडानं 'आ' काढलासुद्धा. तो मी तिथंच अडवला. मग मी म्हणाले, 'आराम इल्ल री. काल नोव होग्याद, टोंक नोव हंगे अद.' आराम नाही. पायाचं गेलं, कंबरेचं तसंच आहे.

हे माझ्याकडे बघायला लागले. 'आगं, काय बोलायलीस?'

डॉक्टरांनी हातानंच त्यांना थांबवलं. पेन खाली ठेवलं. 'इतके दिवस तर आराम म्हणत होतात?'

'आराम तर सगळेच म्हणतात, साहेब,' मी म्हटलं. 'विचारलं की म्हणतात.'

ते हसले नाहीत. त्यांनी मला उभं केलं, मागे येऊन बोटानं दाबत विचारलं, इथं? इथं? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी 'कुठं' विचारलं आणि माझे डोळे भरून आले. मग त्यांनी ह्यांना पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच, या वेळी अगदी सोप्या भाषेत. फोटोत हाड जुळतं, पण म्हणून माणसाचं दुखणं जातंच असं नाही. बसवून ठेवू नका, चालू द्या, काम करू द्या, फक्त वाकून नको. ह्यांची मान खाली गेली होती. मग डॉक्टर जावेकडे वळले. तिचा मणका सरकलेला नाही, पायात काही नाही. अशा दुखण्याला कापून आराम पडेलच असं मी सांगू शकत नाही, ते म्हणाले. व्यायाम शिकून घ्या, ओझं कमी करा, चूल ओट्यावर घ्या, उभ्यानं रांधा.

'म्हंजी ऑपरेशन न्हाई?' दिरांनी विचारलं.

'सध्या नको.'

जाऊ खाली बघत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. दीर तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, 'रडायलीस कामून येडे? खुश हो की. वाचलीस.'

परतताना जीपमध्ये ती माझ्याशेजारीच बसली, पण खिडकीकडे तोंड करून. खड्डे आले, गेले. शाल तिच्या मांडीवर घडी घातलेली तशीच राहिली. मी तिचा हात धरला, तो तिनं काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'टाके न्हाईत, कमरंला पट्टा न्हाई, मग कसला आराम? ही वाकायची न्हाई तर भाकरी काय आभाळातून पडायच्यात?' घरात न कापलेल्या दुखण्याला किंमत नसते, हे मला तेव्हा नीट कळलं. मी भांडले. आयुष्यात भांडले नव्हते तेवढं भांडले. ओटा बांधा म्हटलं. हे म्हणाले, 'सुगी होऊ दे.' सुगी झाली तर म्हणाले, 'पाऊस होऊ दे.' मी टेबल ओढून त्यावर शेगडी ठेवली, तर सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेगडी पुन्हा खाली होती. कुणी उतरवली ते कुणी सांगेना. मी उभ्यानं भाकरी थापून बघितली. जाड झाली, कडा फाटल्या, पण झाली. तेवढ्यात आरडाओरडा सुरू झाला आणि ह्यांनी मला हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आता सकाळी फाटकापर्यंत जाऊन यायची मुभा आहे. हे मागे चालतात, मी पडेन म्हणून.

परवा सकाळी मी फाटकापासून परत आले आणि खुर्चीत बसले. आत जाऊ एकटी थापत होती. गड्यांच्या भाकरी होत्या, टोपलं अर्धंही भरलं नव्हतं. जळण घ्यायला ती उठली आणि अर्ध्यात थांबली. हात मागे, कंबरेवर, डोळे मिटलेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला आमच्या जुन्या बोलीत विचारलं, तिनं मला इतकी वर्षं विचारलं तसं.

'कुठं ठणकायलंय गं?'

तिनं डोळे उघडले. पिठाचा हात झटकला, पदर डोक्यावर घेतला, आणि दारात आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तशी ती माझ्याकडे बघून हसली.

'आराम हाय, अक्का,' ती म्हणाली, आणि जळण घेऊन पुन्हा चुलीपुढे बसली.